बाईची नोंद बाईला विचारूनच घ्या : मराठवाड्यातल्या आठ जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड आणि धाराशिव

प्रत माहितीसाठी : आठही जिल्हा सांख्यिकी कार्यालये, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, मुंबई

स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची प्रत्यक्ष शिरगणती होणार आहे. १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ही तिची संदर्भवेळ ठरली आहे. जिल्ह्याचे प्रधान जनगणना अधिकारी आपण असता. सातबारा, टँकरचा अहवाल, जिल्हा नियोजन समिती हे सगळंही शेवटी आपल्याच टेबलावर येतं. म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०११ च्या जनगणनेत प्रगणक होते आणि बहुधा या वेळीही असेन.

मराठवाड्यात बाईबद्दलची बहुतेक माहिती घरातल्या पुरुषाकडून घेतली जाते, कुटुंबाच्या नावावर लिहिली जाते आणि जिल्ह्याच्या सरासरीत छापली जाते. या तीन ठिकाणी तिचं काम, तिची जमीन आणि तिचं दुखणं नोंदीतून गळून जातं. ही गळती दिल्लीहून थांबणार नाही. ती आपल्या पातळीवर मात्र बरीचशी थांबवता येते.

सगळ्यात तातडीचा विषय ऊसतोडीचा, म्हणून तो आधी. जनगणनेचा फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगामाचा भर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणी, धाराशिवमधून गाड्या सुटतात आणि माणसं पाडव्याच्या आसपास परततात. मधल्या काळात ही लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात. जनगणनेचा नियम असा, की गणतीच्या पूर्ण काळात जो माणूस घरी नसेल तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे वडवणी, धारूर, पाटोद्याची बाई मोजली जाणार शिरोळच्या किंवा बेळगावकडच्या एखाद्या फडाशेजारच्या कोपीत. तिथला प्रगणक तिला ओळखत नाही. पहाटे ती फडात गेलेली असते आणि रात्री परतते तेव्हा चूल पेटवायची असते. अशा वेळी कोपीसमोर बसलेला कुणी पुरुष चार कुटुंबांची माहिती एका दमात सांगून टाकतो.

पुढचे प्रश्न पाहा. स्थलांतराचं कारण एकच लिहायचं असतं. २०११ च्या पत्रकात रोजगार, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवले, कुटुंबासोबत आले आणि इतर असे पर्याय होते. नवऱ्यापुढे ‘रोजगार’ लिहिलं जातं. तिच्यापुढे ‘कुटुंबासोबत’ किंवा ‘लग्न’. वास्तविक मजूर ठरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती दोघांच्या श्रमावर. ती सोबत नसेल तर त्याला पूर्ण कोयता, म्हणजे तोडणीची पूर्ण जोडी म्हणून कुणी नेणारच नाही. मग कामाचा प्रश्न येतो. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’, त्याहून कमी असेल तर ‘सीमांतिक’. ऊसतोड सहा महिन्यांची राहिलेली नाही. पाऊस कमी झाला की हंगाम तीन-चार महिन्यांत उरकतो. प्रगणकाने फक्त तोडीचे महिने धरले, तर वर्षभर राबणारी ही बाई सीमांतिक ठरते. खुरपणी, सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, रोजगार हमीचं काम यांचे महिने त्यात मिळवायला हवेत. त्यासाठी प्रगणकाने तिला वर्षाचा फेरा विचारायला हवा : पाडव्यानंतर काय केलंस, मृगात काय, पोळ्यानंतर काय. या प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. प्रशिक्षणात या पाच मिनिटांना आज जागा नाही.

ऊसतोडीत हिशेबच जोडप्याचा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटी बाई असेल तर अर्धा. उचल नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते आणि वर चढवते. एवढं करूनही उचलीपासून वजनाच्या पावतीपर्यंत कुठल्याच कागदावर कामगार म्हणून तिचं नाव येत नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी सुरू झाली तेव्हा आमच्या बायकांना फार आशा वाटली होती. आपल्याला विनंती अशी, की या नोंदणीत नवरा आणि बायको यांना दोन स्वतंत्र ओळखपत्रं मिळाली का, याचा तालुकानिहाय आकडा जाहीर करा. अपघात झाला, गर्भपात झाला, साप चावला तर मदत मागायला तिच्या हातात तिच्या नावाचा कागद लागतो.

नाव नसलं की दुखणंही दिसत नाही, याचा पुरावा याच जिल्ह्याने दिला आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये देशभर झाली. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य यंत्रणेने घरोघर जाऊन ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत पहिल्यांदा थेट विचारला गेला आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आलं. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे काटेकोर तुलना होत नाही हे मला कळतं. पण शंभरात तीन आणि शंभरात सोळा-सतरा यांतली दरी पद्धतीच्या फरकाने भरून निघणारी नाही. या शस्त्रक्रिया एका वर्षात झाल्या नव्हत्या. कित्येक वर्षं त्या चालू होत्या. खाडा पडला की पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नसतो, अंगावरून जाण्याचं दुखणं वाढलं की डॉक्टर ‘पिशवी काढून टाका’ म्हणतात. गावागावातल्या बायकांना हे माहीत होतं. जिल्ह्याच्या कुठल्याही नियमित अहवालात मात्र त्यासाठी रकाना नव्हता. ही पाहणी ओरड झाल्यावर झाली. ती दरवर्षी, हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर व्हायला हवी, वयासकट आणि कुठल्या प्रकारच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली यासकट.

आकडा छापला की काय होतं, हेही बीडनेच पाहिलं आहे. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ होतं. २०११ मध्ये ते ८०७ झालं, राज्यात सगळ्यात कमी. त्याच दहा वर्षांत राज्य ९१३ वरून ८९४ वर आलं होतं. त्या एका आकड्याने जिल्ह्याची मान खाली गेली आणि त्यामुळेच हालचाल झाली. सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या झाल्या, गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद असलेले एफ फॉर्म उघडून पाहिले गेले, खटले उभे राहिले, शिक्षाही झाल्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाच्या आधी सहा वर्षं केला होता. कायदा होता तरी जिल्ह्याचं नाव असलेला आकडा समोर येईपर्यंत तो कपाटात राहिला. आज जन्मनोंदणीतून दर महिन्याला मुलं-मुली किती जन्मली हे कळू शकतं. ते तालुक्याच्या फलकावर लागायला काय हरकत आहे? पुढच्या जनगणनेची वाट पाहत दहा-पंधरा वर्षं काढली, तर त्या काळात न जन्मलेल्या मुली कुठल्याच आकड्यात परत येत नाहीत.

आता घरच्या कामाकडे येते. इथे व्याख्या चांगली आहे आणि वापर वाईट. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे फक्त घरच्या वापरासाठी शेती करणारी किंवा दूध काढणारी व्यक्तीसुद्धा ‘काम करणारी’ धरली जाते. म्हणजे दारातली एक म्हैस सांभाळणारी, तिला वैरण घालणारी, धार काढणारी बाई कामगार आहे, दूध डेअरीला जावो किंवा घरात संपो. घरच्या शेतात बिनपगारी राबणारीही कामगार आहे. तरी पत्रकावर बहुतेक वेळा ‘घरकाम’ येतं, कारण प्रश्न दारात उभ्या असलेल्या पुरुषाला विचारला जातो आणि तो ‘ती घरीच असते’ असं सांगतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी तेच खरं असतं. प्रगणकाच्या यादीत अजून कितीतरी घरं बाकी असतात. नीट विचारलं की किती फरक पडतो, याची कल्पना श्रमबल सर्वेक्षणावरून येते. देशातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के नोंदला गेला. या वाढीचा मोठा भाग स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांचा आहे. सहा वर्षांत इतक्या बायका अचानक कामाला लागल्या असं मला वाटत नाही. काही ओढगस्तीने लागल्या असतील आणि काही आधीपासून राबत होत्या, त्या आता कुठे नोंदीत आल्या. यातल्या किती जणींच्या हातात पैसा आला, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारायला हवा. नाहीतर बिनपगारी राबणं वाढलं आणि आपण समानता वाढली म्हणून टाळ्या वाजवल्या, असं व्हायचं.

वेळेचं मोजमाप त्यासाठीच महत्त्वाचं. देशव्यापी वेळवापर सर्वेक्षण पहिल्यांदा २०१९ मध्ये आणि दुसऱ्यांदा २०२४ मध्ये झालं. २०२४ च्या पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, आणि अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही देशाची सरासरी. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तिच्यात पाण्याची भर पडते. उन्हाळ्यात विभागीय पातळीवर टँकरचा अहवाल निघतो : किती गावं, किती वाड्या, किती टँकर, किती विहिरी अधिग्रहित. फार शिस्तीचा अहवाल आहे तो. त्यात एक रकाना वाढवता येईल. टँकर किती वाजता आला, बाईला किती वेळ थांबावं लागलं, पाणी घरापर्यंत कुणी नेलं. प्रत्येक तालुक्यातल्या पाच गावांत जरी हे महिनाभर नोंदलं, तरी जलजीवन मिशनच्या नळांनी तिचे किती तास वाचवले, हे अंदाजाने सांगायची वेळ येणार नाही. आमच्या शाळेत टँकरच्या दिवशी सातवीच्या वर्गात मुलींची हजेरी कमी होते. मुलांची होत नाही. हजेरीपटावर हे रोज लिहिलेलं असतं. टँकरच्या तारखा आणि हजेरीपट शेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

जमिनीच्या बाबतीत तर नवीन पाहणीचीही गरज नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. शेतात कोण असतं हे सुगीत कुठल्याही शिवारात उभं राहून पाहिलं की कळतं. सातबाऱ्यावर नाव असतं, स्त्री की पुरुष असा रकाना नसतो, म्हणून आजवर हा हिशेब तालुक्याला लावता येत नव्हता. आता शेतकरी ओळख क्रमांक आला. तो आधारशी जोडलेला आहे आणि आधारमध्ये स्त्री-पुरुष नोंद आहे. म्हणजे गावनिहाय किती बायकांच्या नावावर किती क्षेत्र आहे, हे संगणकातून काढता येतं. काढा आणि छापा. त्यातच लक्ष्मी मुक्ती योजनेचा आकडा द्या. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याचा शासन आदेश १९९२ चा आहे. तीस वर्षांहून अधिक काळात आपल्या जिल्ह्यात तशा किती नोंदी झाल्या?

शेतकरी आत्महत्यांच्या घरांत या प्रश्नाला धार येते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या ५०५ विधवा बायकांची पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के बायकांना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिच्यावर हक्क मिळालेला नव्हता. आत्महत्येच्या प्रत्येक प्रकरणाची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात येते, समिती बसते, पात्र-अपात्र ठरतं. त्या फाइलला एक पान जोडा : वर्षभराने वारसनोंद झाली का, निवृत्तीवेतन सुरू झालं का, मुलगी शाळेत आहे का. आणि आत्महत्या करणारी व्यक्ती स्त्री असेल, तर जमीन नावावर नाही म्हणून तिला ‘गृहिणी’ लिहिण्याआधी ती शेतात राबत होती का, हे शेजारच्या बायकांना विचारा.

घरातल्या स्थानाबद्दल एक विसंगती लक्षात आणून देते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असते. त्याच घरी घरयादीच्या वेळी कुटुंबप्रमुख म्हणून नाव लागतं मुलाचं किंवा दिराचं, कारण जनगणना घरचे सांगतील तेच नाव घेते. एकल बायकांचं यात फार नुकसान होतं. नवऱ्याने सोडलेली, माहेरी भावाच्या घरात राहणारी बाई पत्रकात ‘विवाहित’ होते. भाऊ लाजेखातर तसंच सांगतो. २०११ पासून ‘विभक्त’ आणि ‘घटस्फोटित’ असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. ते वापरले गेले तर मराठवाड्यात टाकलेल्या बायकांची खरी संख्या पहिल्यांदा हाती येईल. तृतीयपंथी व्यक्तींचंही तसंच. २०११ च्या पत्रकात ‘इतर’ हा पर्याय होता, पण तो विचारायचा कसा हे प्रगणकाला कुणी शिकवलं नव्हतं.

बालविवाहाचा विषय नाजूक आहे, म्हणून जपून लिहिते. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होतं. परभणीत ते ४८ आणि बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर होतं. जिल्ह्याखाली हे सर्वेक्षण उतरत नाही, त्यामुळे कुठला तालुका, कुठले तांडे, हे कळत नाही. आमच्या माहितीत ते स्पष्ट असतं. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या चिंतेतून कितीतरी लग्नं दिवाळीच्या आधी उरकली जातात. जोडपं झालं की कोयताही वाढतो. आशाताईंच्या गरोदर मातांच्या नोंदीत वय असतं, शाळेच्या पटावर गळती असते. दोन्ही नोंदी नाव वगळून तालुक्याला जोडता येतील. पण माझी कळकळीची विनंती आहे, की ही मोजणी आणि पोलिसांची कारवाई एका कागदावर आणू नका. आशाताईने वय खरं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दारात गुन्हा उभा राहिला, तर पुढच्या वेळी ती मुलगी दवाखान्यात येणारच नाही, आणि तिचं बाळंतपण जिवावर बेतेल. १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहितीला गुप्ततेचं संरक्षण दिलं आहे. कोर्टातही ती पुरावा म्हणून चालत नाही. तसाच भरवसा या नोंदींनाही द्यावा लागेल. कारवाई व्हावी, तिचे मार्ग वेगळे असावेत.

जागतिक लिंगभेद अहवालात २०२५ मध्ये भारत १४८ देशांत १३१ वा आला, यावर दूरचित्रवाणीवर बरीच चर्चा झाली. त्या क्रमांकाने शिरूर कासारच्या तहसीलदाराला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्याला तालुक्याचा आकडा लागतो. आपल्या सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ दरवर्षी निघतं. कष्टाने केलेलं काम आहे. त्यात प्रत्येक तक्त्याला स्त्री-पुरुष असे दोन स्तंभ आणि तालुकानिहाय ओळी, एवढा बदल केला तरी पुष्कळ होईल. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी तीन टक्के निधी राखण्याची तरतूद आहेच. त्यातला थोडा भाग या मोजणीवर खर्च झाला, तर उरलेला निधी कुठे द्यायचा हे तरी कळेल.

जनगणनेसाठी मात्र आत्ताच हात घालावा लागेल. प्रगणकांच्या प्रशिक्षणात एक पूर्ण तास फक्त बाईच्या कामाच्या प्रश्नांना द्या. त्यात म्हैस, कोंबड्या, शिवणकाम, वेचणी, तोडणी ही आपल्याकडची उदाहरणं घ्या. शक्य त्या घरी माहिती तिच्या तोंडून घेण्याची लेखी सूचना काढा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी नव्याने करायची गरज नाही. हंगामी वसतिगृहांसाठी आणि शिक्षण हमी कार्डांसाठी आम्ही शिक्षक दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची माहिती गोळा करतो. कुठल्या मुलाचे आई-वडील कुठल्या कारखान्यावर गेले, हे आमच्याकडे लिहिलेलं असतं. त्या यादीत आईचं नाव, वय आणि गावची कामं हे तीन रकाने वाढवा. ती पुण्याच्या साखर आयुक्तालयामार्फत कारखान्यांच्या जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या आपल्या समपदस्थांना पाठवा. कोप्यांवर गणती संध्याकाळी सातनंतर ठेवायला सांगा आणि सोबत एखादी स्त्री प्रगणक असू द्या.

आमच्या तालुक्यात ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतल्या बायका आहेत, अंगणवाडीताई आहेत, दोन-तीन हंगाम तोडीवर जाऊन आता गावातच राहिलेल्या लिहित्या-वाचत्या पोरी आहेत. प्रश्न कसा विचारला की बाई मोकळेपणाने बोलते, हे त्यांना प्रशिक्षण देणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं. त्यांना बोलवा. बैठक दसऱ्याच्या आधी लावा. गाड्या सुटल्यावर ज्यांच्याविषयी बोलायचं त्याच तिथे नसतील. यादीचा नमुना मी तयार केला आहे, बैठकीला घेऊन येईन.

आपली विश्वासू,
बीड जिल्ह्यातली एक शिक्षिका